डेल्टा स्मेल्ट : बोटभर माशामुळे खरंच कॅलिफोर्नियाचं पाणी अडतं का?

ट्रेसीकर :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. आम्ही ट्रेसीला राहतो, म्हणजे नोकरी बे एरियात आणि परवडणारं घर डोंगरापलीकडे असे जे हजारो देसी लोक आहेत त्यातलेच एक. गावाबाहेर ते मोठे सरकारी पंप आहेत, डेल्टातलं पाणी उचलून कालव्यात टाकतात आणि ते पार खाली दक्षिणेपर्यंत जातं. आय-५ महामार्गावरून एलएला (लॉस एंजेलिसला) जाताना शेतांच्या कडेला "हा दुष्काळ काँग्रेसने आणलाय" अशा अर्थाच्या पाट्या दिसतात (आपली काँग्रेस नव्हे, इथली संसद) आणि कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं, तो स्मेल्ट मासा हो, त्याच्यासाठी पाणी समुद्रात सोडून देतात. २०२५ च्या जानेवारीत एलएला आगी लागल्या तेव्हा तर ट्रम्पनीही त्याच माशावर खापर फोडलं, आणि आमच्या मंडळाच्या वॉट्सॅप ग्रुपवर तेव्हा जे दोन तट पडले ते अजून तसेच आहेत, गणपतीच्या मीटिंगमध्येसुद्धा विषय निघाला.

तर प्रश्न असे की हा मासा नक्की आहे काय, दोन-अडीच इंचाचा, कुणी खात नाही, विकत नाही, मग त्याला एवढा भाव कशापायी? खरंच त्याच्यासाठी पाणी सोडतात का? आणि मध्यंतरी कुठेतरी वाचलं की आता तो सापडतच नाही, सर्व्हेत शून्य येतो, मग नसलेल्या माशासाठी नियम कसले? राजकारण नको प्लीज, ते ग्रुपवर भरपूर झालंय. कुणी या विषयातलं असेल तर नीट सांगा.

---

खाडीपुराण :
विषयातला आहे, मत्स्यशास्त्र शिकलोय आणि पोटापाण्याला खाड्यांच्या पाण्याचंच काम करतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे हा मासा जगात फक्त तुमच्या अंगणात आहे. सॅक्रमेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या जिथे एकत्र येतात तो डेल्टा, त्याच्या पश्चिमेला सुइसन बे, आणि मग पुढे सॅन फ्रान्सिस्कोची खाडी आणि गोल्डन गेट. एवढ्याच पट्ट्यात तो राहतो, दुसरीकडे कुठेही नाही. आकाराने मांदेलीएवढा, अंगातून आरपार दिसेल इतका पातळ, वर निळसर चमक, आणि हातात घेतला तर काकडीचा वास येतो, खरंच येतो, थट्टा नाही.

आता मुख्य गोष्ट. हा मासा एकच वर्ष जगतो. थोडेफार दुसऱ्या वर्षापर्यंत पोचतात पण हिशेबात धरू नका. हिवाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला, नदीला गढूळ लोंढा आला की हे समुद्राच्या बाजूने वर गोड्या पाण्याकडे सरकतात, वसंतात अंडी घालतात, एका मादीची हजार-दोन हजार, पिल्लं मग हळूहळू खाली जातात आणि अख्खा उन्हाळा सुइसनच्या आसपास जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं त्या मचूळ पट्ट्यात काढतात. पोहायला काही फार तगडे नाहीत. भरती आली की मधल्या धारेत येऊन तिच्याबरोबर वर जायचं, ओहोटी लागली की काठाला चिकटून बसायचं, असं भरती-ओहोटीवर स्वार होऊन तो मैलोनमैल वर जातो.

एकच वर्षाचं आयुष्य म्हणजे काय ते लक्षात घ्या. स्टर्जन मासा पन्नास-साठ वर्षं जगतो, त्याची पाच वर्षं वाईट गेली तरी सहाव्या वर्षी अंडी घालतो. स्मेल्टला ही सोय नाही, या वर्षीची पिल्लं गेली तर पुढच्या वर्षी अंडी घालणारंच कुणी उरत नाही. म्हणून खाडीत काय बिघडलंय ते याच्या आकड्यात लगेच उतरतं. खातं कोण आणि विकतं कोण हा मुद्दाच नाही, त्याची मोजदाद ठेवतात ती त्यासाठी.

मोजदाद १९६७ पासून आहे. सप्टेंबर ते डिसेंबर दर महिन्याला ठरलेल्या शंभरेक ठिकाणी बोटीने जाळं ओढतात आणि त्यातून एक निर्देशांक काढतात (निर्देशांक हा, माशांची एकूण संख्या नव्हे, ग्रुपवर हे गुलदस्त्यातच राहतं). १९७० ला तो साडेसोळाशेच्या वर होता. १९९३ ला मासा केंद्राच्या आणि राज्याच्या दोन्ही याद्यांत धोक्यातला म्हणून गेला. २००२ च्या सुमारास स्मेल्टच नाही तर खाडीतल्या आणखी तीन जातींचे आकडे एकदम कोसळले, २०१५ ला निर्देशांक ७, २०१७ ला २, आणि २०१८ ला पहिल्यांदा शून्य. त्यानंतरही बरीच वर्षं शून्यच. मात्र शून्य म्हणजे संपला असं नाही, वेगळ्या पद्धतीने जवळजवळ रोज बोटी घालून जो शोध घेतात त्यात एखाददुसरा सापडतो. पण इतका कमी की जाळ्याने मोजायची ताकदच संपली.

आगीचं म्हणाल तर त्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जलाशयांत सरासरीपेक्षा जास्त पाणी होतं. आग विझवायचे नळ कोरडे पडले कारण एकाच वेळी शेकडो ठिकाणी पाणी ओढलं गेलं आणि डोंगरावरच्या टाक्या भरायला वेळच मिळाला नाही, शिवाय जवळचा एक जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता. स्मेल्टचा त्यात काडीचा संबंध नाही.

---

हिशेबनीस फ्रेस्नो :
खाडीपुराण, माहिती छान आहे पण दुसरी बाजूही ऐका. मी सेंट्रल व्हॅलीच्या पश्चिम बाजूच्या बदाम-पिस्त्याच्या शेतांची अकाउंट्स बघतो, त्यामुळे मासा मला माहीत नाही पण पाण्याचा हिशेब माहितीये. डेल्टाच्या दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना केंद्राच्या प्रकल्पातून २०१४, २०१५, २०२१ आणि २०२२ या वर्षांत मिळालेलं पाणी किती, तर शून्य टक्के. करार आहे, कालव्याचे पैसे भरलेत, आणि हातात शून्य. कापूस असता तर म्हणालो असतो एक वर्ष पेरू नका, बदामाचं झाड पंचवीस वर्षांसाठी लावलेलं असतं, त्याला एक वर्ष उपाशी ठेवता येत नाही. मग काय करतात, विहिरी खोल मारतात, आणि कॉर्कोरनच्या बाजूला जमीन खचतेय ती त्यानेच. शेतमालक मोठे आहेत, मान्य, पण शेतात राबणारे मेक्सिकन मजूर आणि ती छोटी गावं, ज्यांच्या घरच्या विहिरी आटल्या, त्यांचं कुणी नाव घेत नाही.

आणि माझा साधा प्रश्न आहे, इतकी वर्षं पंप आवळून तुमचा मासा वाढला का? नाही ना? शून्यावर आला. आमच्याकडे औषधाने गुण येत नसेल तर डॉक्टर बदलतात.

---

ट्रेसीकर :
हे दोन्ही वाचून माझं डोकं अजूनच गरगरलं. खाडीपुराण, पंप नक्की माशाला करतात काय? ओढून घेतात का?

---

खाडीपुराण :
हिशेबनीस, तुमचं दुखणं खरं आहे आणि विहिरी आटलेल्या गावांबद्दल शंभर टक्के सहमत. पण शून्य टक्क्यांची जी चार वर्षं सांगितलीत ती सगळी कडक दुष्काळाची आहेत बघा. २०१७ ला आणि २०२३ ला त्याच शेतकऱ्यांना शंभर टक्के मिळालं, मासा तेव्हाही यादीत होताच. बर्फ पडलं तर पाणी, नाही पडलं तर नाही, त्यातही तुमच्या लोकांचा करार रांगेत मागचा, जुन्या हक्कदारांचं भागल्यावर यांचा नंबर. माशाचे नियम काही वर्षांत बोचतात, नाही असं नाही, विशेषतः हिवाळ्यात पाऊस भरपूर आणि पंप मात्र आवळलेले अशा आठवड्यांत शेतकऱ्याचा जीव तळमळतो आणि ते मी समजू शकतो. पण तिथेही बऱ्याचदा पंप आवळलेले असतात ते सामन आणि स्टीलहेड (समुद्रात जाणारा ट्राउट मासा) यांच्यासाठी, नाव मात्र स्मेल्टचं. सामन म्हटलं की लोक गप्प बसतात कारण तो ताटात येतो. तरी त्याचंही काय झालंय बघा, २०२३ पासून सलग तीन वर्षं कॅलिफोर्नियात सामनची व्यापारी मासेमारी बंद ठेवावी लागली, त्या बोटवाल्यांचंही पोट आहेच.

आता "समुद्रात सोडलेलं पाणी". ट्रेसीकर, हे नीट वाचा कारण सगळा गोंधळ इथे आहे. डेल्टा समुद्राला जोडलेला आहे, दिवसातून दोनदा भरती आत घुसते. वरून नदीचं पाणी पुरेसं आलं नाही तर खारं पाणी सरकत सरकत थेट तुमच्या पंपांपर्यंत पोचेल, मग ते पाणी ना पिता येणार ना बदामाला देता येणार. म्हणजे जे पाणी "वाया" जातं म्हणतात त्यातला मोठा भाग खार मागे रेटायला लागतो, पंपाचं पाणी गोडं राहावं म्हणून. मासा एकही नसता तरी ते सोडावंच लागलं असतं. २०१५ ला नदीत पाणीच नव्हतं तेव्हा सरकारने फॉल्स रिव्हर नावाच्या फाट्यात चक्क दगडांचा बांध घातला खार अडवायला, २०२१ ला पुन्हा घातला. तो माशासाठी नव्हता, अडीच कोटींहून जास्त लोकांच्या नळासाठी होता.

पंप काय करतात : डेल्टाच्या दक्षिण टोकाला दोन पंपघरं आहेत, केंद्राचं जोन्स आणि राज्याचं बँक्स. दोन्ही जोरात चालले की ओल्ड रिव्हर आणि मिडल रिव्हर हे दोन फाटे उलटे वाहू लागतात, समुद्राकडे जायच्या ऐवजी पंपाकडे. हिवाळ्यात गढूळ पाण्याबरोबर वर आलेला स्मेल्ट त्या ओढीत सापडतो. पंपाच्या अलीकडे मासे अडवायची यंत्रणा आहे, तिरक्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्याला मासा बिचकतो आणि बाजूच्या नळातून टाकीत पडतो, मग मोजतात, ट्रकमध्ये भरतात आणि डेल्टात दुसरीकडे नेऊन सोडतात. सामनची पिल्लं, बास वगैरे यातून बरेच वाचतात, स्मेल्ट इतका नाजूक की हाताळण्यातच जातो. आणि २० मिलिमीटरपेक्षा छोटी पिल्लं तर मोजणीतच येत नाहीत, ती पट्ट्यांमधून सरळ पंपात. म्हणून २००७ ला न्यायाधीश वँगर यांनी पंपांवर मर्यादा घातली, २००८ ला त्याचे सविस्तर नियम आले, २०१० ला त्याच वँगरनी त्या नियमांतल्या शास्त्रावर ताशेरे ओढून ते परत पाठवले, २०१४ ला वरच्या कोर्टाने पुन्हा उचलून धरले. कोर्टाचा खेळ आपल्याकडच्यासारखाच.

आणि आता डॉक्टर बदलण्याचा मुद्दा, जो मला खरोखर पटतो, पण वेगळ्या कारणाने. पंप हे एकच दुखणं नाहीये. १९८६ मध्ये सुइसन बेमध्ये आशियातली एक शिंपली सापडली, जहाजाच्या बॅलास्टच्या (तोल सांभाळायला तळात भरतात त्या) पाण्यातून आलेली, नखाएवढी. दोन-तीन वर्षांत काही जागी एका चौरस मीटरमध्ये दहा हजारांच्या वर झाल्या. शिंपली पाणी गाळून खाते, त्यामुळे पाण्यातली सूक्ष्म वनस्पती तिने फस्त केली, १९८७ पासून सुइसनमध्ये उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायचंच बंद झालं. ती वनस्पती खाणारे कोपेपॉड (झिंग्यांच्या कुळातले बारीक जीव) घटले, शिंपलीने त्यांची पिल्लंही गाळून टाकली, आणि कोपेपॉड हेच स्मेल्टचं जेवण. त्यांच्या जागी जो परदेशी कोपेपॉड वाढला तो इतका बारीक की त्याच्यामागे धावण्यात जेवढी शक्ती जाते तेवढीही पोटात पडत नाही. म्हणजे पंप उद्या पूर्ण बंद केले तरी ताट रिकामंच. "नुसतं पाणी द्या, मासा येईल" म्हणणारेही अर्धंच सांगतात आणि "पाणी देऊन काही झालं नाही, म्हणजे पाण्याचा संबंध नाही" म्हणणारेही. माझं मत विचाराल तर पाण्याशिवाय बाकीचं काहीच चालणार नाही आणि नुसत्या पाण्याने काहीच होणार नाही. हे कुठल्याही पाटीवर मावत नाही हीच अडचण.

---

हर्णैचा :
वाचतोय, मस्त चाललाय धागा. आमचा अमेरिकेशी संबंध एवढाच की आत्येभाऊ सॅन होजेला आहे, पण खाडीचा संबंध जन्माचा. दोन गोष्टी विचारायच्यात. एक, तुम्ही वर गढूळ पाणी गढूळ पाणी म्हणताय, आमच्याकडे पहिल्या पावसाचं लाल पाणी खाडीत उतरलं की मासा हलतो हे कुठलंही शेंबडं पोर सांगेल, पण हा मासा नुसता हलत नाही तर त्याला गढूळच लागतं असं दिसतंय, ते का? दोन, त्या शिंपल्या एवढ्या झाल्यात तर खाऊन का नाही टाकत, आमच्याकडे तिसऱ्यांचं एवढं पीक आलं असतं तर बाजारात उभं राहायला जागा मिळाली नसती.

अवांतर : तो डेल्टा गूगलवर पाहिला, सगळी बेटं आणि भोवती बांध, हे तर आमच्या खारभूमीच्या बांधासारखं प्रकरण वाटतं.

---

खाडीपुराण :
हर्णैचे, बांधाचं बरोबर ओळखलंत. दीडशे वर्षांपूर्वी सगळी दलदल होती, लव्हाळ्याची. बांध घालून, पाणी उपसून शेती केली, खालची माती कुजकट पीटची, ती उघडी पडल्यावर हवेने झिजत गेली आणि आज काही बेटं समुद्रसपाटीच्या वीस-पंचवीस फूट खाली आहेत, बांधावर उभं राहिलं की एका बाजूला नदी वर आणि दुसऱ्या बाजूला मका खाली. जुन्या दलदलीतली जेमतेम ३ टक्के उरलीय. खाडीतलं बरंचसं खाणं त्या दलदलीत पिकायचं, शिंपली यायच्या आधीच ते कोठार आपण मोडलेलं होतं.

गढूळ पाण्याचं : एक तर तो आरपार दिसणारा मासा, स्वच्छ पाण्यात बास त्याला टिपून खातात (बास १८७९ ला मुद्दाम पूर्वेकडून आणून सोडलेत, आता त्यांचे शौकीन गळवाले आहेत). दुसरं म्हणजे पिल्लांना स्वच्छ पाण्यात खाणंच नीट दिसत नाही. चमचमणाऱ्या उजेडात बारीक कोपेपॉड हरवतो, गढूळ पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो. आता डेल्टा गढूळ का राहिला नाही, तर वरची धरणं गाळ अडवतात, आणि सोन्याच्या खाणींच्या काळात डोंगरांवर पाण्याचे फवारे मारून जो प्रचंड गाळ नदीत आला होता (१८८४ ला कोर्टाने बंद पाडलं ते) तो आता वाहून संपला. १९५७ ते २००१ मध्ये सॅक्रमेंटो नदीतला गाळ साधारण निम्म्यावर आला. भरीत भर ब्राझीलहून आलेलं पाणगवत, मत्स्यालयातून सुटलेलं, ते फाट्याफाट्यात माजलंय, पाणी अडवून गाळ खाली बसवतं. वर जलपर्णी आहेच, पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

शिंपल्या खायच्या म्हणाल तर नखाएवढी, मांस नावालाच, शिवाय ती सेलेनियम (जास्त झालं तर विषारी ठरणारं मूलद्रव्य) फार साठवते. डुबी बदकं आणि स्टर्जन खातात त्यांच्याच अंगात ते चढतं. त्यामुळे कालवणाचा बेत रद्द करा. आणि ही बॅलास्टची कहाणी आपल्याला नवी नाही, मुंबईच्या गोदीत परदेशी काळपट्ट्यांचे शिंपले कधीपासून बसलेत.

---

काकडीचा वास :
आयडी पाहून ओळखलंच असेल. मी विद्यार्थिनी असताना बायरनजवळच्या यूसी डेव्हिसच्या मत्स्यपालन केंद्रात थोडं काम केलंय, पंपांपासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे ते. तिथे २००८ पासून स्मेल्टची राखीव जमात सांभाळलीय, बाहेरचा संपला तरी जात संपू नये म्हणून. आता वरच्या गढूळ पाण्याच्या मुद्द्याला जोडून सांगते.

पिल्लांच्या टाक्या आतून काळ्या असतात आणि त्यात हिरवं शेवाळ मुद्दाम ओततात, पाणी पार हिरवंगार दिसतं. ते शेवाळ पिल्लं खात नाहीत, त्यांना रॉटिफर नावाचे सूक्ष्म जीव देतात, शेवाळ फक्त पाणी धूसर करायला. सुरुवातीला कुणालाच जमत नव्हतं म्हणे, स्वच्छ पाण्यात पिल्लं समोर खाणं असून उपाशी मरायची. पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि एक दोरा, बाकी काही दिसतच नाही.

प्रजननाचा काळ म्हणजे लग्नाचा सीझन. प्रत्येक मोठ्या माशाच्या पाठीच्या कातडीखाली अक्षर-आकड्याची चिमुकली चकती सरकवलेली असते, भिंगातून वाचायची, पराचा टिकलीएवढा तुकडा कापून डेव्हिसला जनुकं तपासायला पाठवायचा, आणि तिकडून यादी येते की या मादीला हा नर द्या, त्याला नको, ते जवळचे नातेवाईक आहेत. आमच्या एका सीनियरने त्या यादीचं नाव पत्रिका ठेवलं होतं (तीही मराठीच, साताऱ्याची). मग मादीला गुंगीच्या पाण्यात ठेवून पोटावरून बोट अलगद खाली आणलं की अंडी वाटीत उतरतात, भयंकर चिकट असतात, वाटीला, हाताला, एकमेकांना, कशालाही. बोटाचा दाब जरा जास्त झाला की मासा गेलाच. मासा हाताळल्यावर खवले तुमच्या ग्लोव्ह्जवर येतात इतका नाजूक, त्यामुळे ट्रकमधून नेऊन सोडलेल्या स्मेल्टचं काय होतं ते खाडीपुराणांनी वर लिहिलंय ते अगदी पटतं.

अडचण अशी की पिढ्यानपिढ्या टाकीत वाढलेला मासा टाकीलाच सरावतो. म्हणून दर वर्षी बाहेरचे थोडे रानटी मासे आणून यादीत मिसळायचे असतात, आणि ते मिळेनासे झाले. शेवटी उलटं सुरू केलं, २०२१ च्या डिसेंबरात पहिल्यांदा केंद्रातले मासे रिओ व्हिस्टाजवळ नदीत सोडले, त्या एका हिवाळ्यात पन्नास हजारांच्या वर, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात सोडतात. खूण केलेली असते, त्यामुळे सर्व्हेच्या जाळ्यात आले तर कळतं की हा आमचा. आलेही काही. ट्रेसीकर, म्हणजे तुमच्या "नसलेल्या माशासाठी नियम कसले" ला एक उत्तर हे की तो आता मुद्दाम परत घातला जातोय, आणि पंप तसेच भन्नाट चालू ठेवून वर मासे ओतायचे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी.

---

हिशेबनीस फ्रेस्नो :
काकडीताई, पत्रिका भारी. खर्च किती होत असेल ते विचारत नाही, अकाउंटंटला झोप लागणार नाही.

पण माझा मुद्दा अजून तसाच आहे. खाणं शिंपलीने संपवलं, गाळ धरणांनी अडवला, गवत माजलं, यातल्या एकालाही हात लागत नाही आणि दर वेळी नळ आवळायचा तो फक्त आमचा. कारण सोपं आहे, पंपाला बटण आहे, शिंपलीला नाही.

---

खाडीपुराण :
हे वाक्य मी कुठेतरी वापरणार, नाव देऊन. आणि खरं आहे ते, नियम बटणावरच चालतात. पण बाकीच्याला हात लागत नाही असं मात्र नाही. सॅक्रमेंटो शहराच्या सांडपाण्यातला अमोनिया वर्षानुवर्षं नदीत जायचा, काही शास्त्रज्ञांच्या मते त्यानेही सूक्ष्म वनस्पतीची वाढ खुंटते, तिथे आता मोठा शुद्धीकरण प्रकल्प झालाय, बिल शहरवाल्यांच्या पाणीपट्टीत. सॅक्रमेंटोच्या पश्चिमेला योलो बायपास म्हणून पुराचं पाणी वळवायचा पट्टा आहे, उथळ आणि उबदार, तिथे खाणं चांगलं पिकतं, तर उन्हाळ्याच्या शेवटी भातशेतीचं पाणी त्यातून खाली पाठवून ते खाणं स्मेल्टपर्यंत पोचवायचे प्रयोग झाले. कधी खाणं पोचलं, कधी वाटेतच विरलं. काही बेटांचे बांध फोडून पुन्हा दलदल करणं चालू आहे, ते मला सगळ्यात आवडतं कारण तिथे शिंपली फार बसत नाही आणि खाणं जागेवर तयार होतं, पण त्याला वर्षं लागतात.

---

ट्रेसीकर :
मंडळी, धन्यवाद, ग्रुपवर हा धागा टाकतोय, दोन्ही तटांना शिव्या बसतील. शेवटचा प्रश्न, उन्हाळ्यात आमच्याकडे ४० च्या वर तापमान जातं, पाणीही तापत असेल, मग हा मासा उन्हाळ्यात करतो काय?

---

खाडीपुराण :
तेच आता सगळ्यात अवघड झालंय. पाणी २२ अंशांच्या वर गेलं की त्याला ताण येतो, २५ च्या पुढे तो सहसा सापडतच नाही. तुमच्या बाजूचा दक्षिण डेल्टा उन्हाळ्यात त्याच्यासाठी बाद आहे, तापतो आणि स्वच्छही. थंड, वाऱ्याने ढवळलेली, गढूळ जागा म्हणजे सुइसनची दलदल, समुद्राचा वारा तिथे पोचतो, पण कोरड्या वर्षी ती खारट होते. तिथे माँटेझुमा स्लू नावाच्या फाट्यावर १९८८ च्या सुमारास मोठी दारं बसवलीत, मूळ हेतू बदकांच्या शिकारीच्या क्लबांना गोडं पाणी मिळावं हा. ओहोटीला उघडायची, भरतीला लावायची, की आतलं पाणी गोडं होत जातं. ती फक्त हिवाळ्यात चालवायचे, २०१८ ला पहिल्यांदा उन्हाळ्यात स्मेल्टसाठी चालवून पाहिली आणि दलदलीतला खारेपणा उतरला. थोडक्या पाण्यात होणारं काम आहे, हिशेबनीसांनाही चालेल. तापमानाला मात्र तसं दार नाही.

---

हिशेबनीस फ्रेस्नो :
चालेल. बदकवाल्यांचं बिल त्यांनीच भरलं असेल तर आणखी चालेल.

---

काकडीचा वास :
ट्रेसीकर, एक राहिलं, तुम्ही किंवा मुलं डेल्टात गळ टाकायला जात असाल आणि चुकून असा चिमुकला चंदेरी मासा आला तर लगेच पाण्यातच सोडा, हातात धरून फोटो नको. वाकासागी नावाचा जपानी चुलत भाऊ १९५९ ला धरणांत सोडला होता, तोही आता डेल्टात आहे आणि इतका सारखा दिसतो की भल्याभल्यांना भिंगाशिवाय ओळखता येत नाही, त्यामुळे "हा तो नसेलच" असं धरू नका. याचा दुसरा भाऊ, लाँगफिन स्मेल्ट, खाडीतली त्याची जमात २०२४ ला केंद्राच्या धोक्यात असलेल्यांच्या यादीत गेली, तोही सोडायचाच.